मागच्या सीटवरचं ‘हं’

गाडीचे टॅपेट, म्हणजे इंजिनात टकटक करणारे व्हॉल्व्हवरचे स्क्रू, आपण घरीच सेट करायचे, असं मी शुक्रवारी चहा पिता पिता ठरवलं. (चहा हातात असला की मी फार धाडसी निर्णय घेतो. कप रिकामा झाला की पस्तावतो.)

त्याचं असं झालं. बायकोची बदली होऊन अकरा महिने झाले. ती बँकेत अधिकारी, मी पाणीपुरवठा खात्यात कारकून. म्हणजे घरात कोणाचं चालतं हे सांगायला नको. ती दुसऱ्या गावी, आणि इकडे मी, आई आणि माझी एकोणीस वर्षांची मोटरसायकल. पूर्वी बायको मागे बसली की माझं तोंड सुरू व्हायचं. साहेब, शेजारी, सासूबाई, सगळ्यांचा निकाल मी घर येईपर्यंत लावायचो. इंजिनच्या टकटकीत तिला त्यातलं काही ऐकू जात नसे. ती आपली "हं" म्हणायची. आता मागच्या सीटवर जेवणाचा डबा असतो आणि मी डब्याशी बोलतो. परवा सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "काका, कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, "फोनवर." फोन घरी होता.

तर गुरुवारी मी तिला फोनवर विचारलं, "तिकडे कसं वाटतंय?"

"शांत वाटतं रे," ती म्हणाली. "तुझ्या गाडीची टकटकही नाही."

हे मला परवडणारं नव्हतं. कारण मंगळवारपर्यंत तिला बँकेत एक फॉर्म द्यायचा होता. आणखी दोन वर्षं तिकडेच राहणार, की घरी परत येणार? रविवारी ती दोन दिवसांसाठी येणार होती. ‘परत ये’ हे दोन शब्द मला अकरा महिन्यांत जमले नव्हते. (ऑफिसात मी तीन-तीन पानी पत्रं लिहितो.) म्हटलं, तोंडाने जमत नाही ते पान्याने करू. टकटक बंद करायची आणि बाईसाहेबांना बिनआवाजाच्या गाडीवरून घरी आणायचं.

इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग आणायला गेलो, तेव्हा मेकॅनिकने मला एक पातळ पट्टीही दिली आणि बजावलं, "व्हॉल्व्हच्या डोक्याशी ही पट्टी सरकेल एवढी फट ठेवा. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, त्याला जागा नको? थोडी टकटक राहू द्या, साहेब."

"आणि फट ठेवलीच नाही तर?"

"तर मला फोन करा."

शनिवारी सकाळी जिन्याखाली गाडी उघडली. आई खुर्ची टाकून देखरेखीला बसली. जुनं पॅकिंग निघता निघेना, म्हणून मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं.

"अरे, ते माझं उलथनं!"

"धुऊन देतो."

"धुऊन? आता त्याच्यावर जेव तूच!"

पिस्टन वर आणला, नट सैल केला, पट्टी सरकवून पाहिली. छान सरकली. इथे थांबायला हवं होतं. पण मनात आलं, एवढ्याशा फटीने एवढी टकटक, तर फट हवीच कशाला? स्क्रू आवळला. पट्टी जाईना, तेव्हा माझं समाधान झालं. मग पॅकिंगला एवढी पेस्ट थापली की माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली, आणि नेमका बायकोचा फोन आला. आईने तो माझ्या कानाला धरला.

"काय करतोयस?"

"काही नाही. आराम."

दुपारी किक मारली. टकटक नाही, काही नाही.

"बंद पडली ना?" आई म्हणाली.

"चालू आहे!"

आई आत जाऊन कानाच्या मशीनचा सेल बदलून आली.

रविवारी बसस्टँडवर ती पाठमोरी उभी होती. मी दहा पावलांवर गाडी थांबवली तरी तिला पत्ता नाही. रस्त्याच्या वळणाकडे तिचे कान लागले होते, कारण एरवी वळणावरची टकटक ऐकूनच ती बॅग उचलायची. केस तिने थोडे कापले होते. हे फोनवर बोलली नव्हती. मला हाक मारवेना. अकरा महिने मी हिची वाट पाहिली होती. आज ती माझी वाट बघत होती, आणि मी गाडीवर बसून ते बघत राहिलो.

शेवटी हॉर्न वाजवला.

"अगं बाई! कधी आलास?"

"दहा मिनिटं झाली."

"मग गाडीचा आवाज?"

"काढून टाकला."

ती मागे बसली. खांद्यावर हात आला आणि माझं तोंड सुटलं. मागे ऐकू जात नाही, हा नऊ वर्षांचा अनुभव. "तुझ्याशिवाय करमत नाही गं. घर खायला उठतं. तुझी चादर मी रोज घडी करून तुझ्याच बाजूला ठेवतो. दोन वर्षं नको. परत ये."

"हं," ती म्हणाली.

चढ लागला, इंजिन तापलं, आणि भर चढावर गाडीने मान टाकली. किक मारली तर लोण्यात पाय घातल्यासारखी खाली गेली. झाकणातून तेलाचा एक ओघळ माझ्या बुटावर आला. आजूबाजूला अगदी शांत होतं. तेव्हा कुठे मला आठवलं की टकटक मीच बंद केली होती.

"तू... ऐकलंस?"

"सगळं. ती चादर धुतोस का कधी?"

माझे कान इंजिनपेक्षा तापले. मी हँडल धरलं, ती मागून ढकलू लागली.

"फॉर्म मी गेल्या सोमवारीच दिलाय," ती म्हणाली. "परत येण्याचा. म्हटलं, तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय सांगायचं नाही."

"मग शांत वाटतं म्हणालीस ते?"

"अरे, करमत नव्हतं म्हणून म्हणाले. साडेसहा वाजले, तुझी घरी यायची वेळ झाली, की तिकडेही माझे कान दाराकडे लागतात. टकटक येत नाही आणि मग चहाही करावासा वाटत नाही."

आनंदाने मी हँडलच सोडणार होतो. "म्हणजे आवाज काढला ते बरंच झालं की! नाहीतर तुला काही ऐकूच गेलं नसतं."

"मला नऊ वर्षं सगळं ऐकू येतंय," ती म्हणाली. "‘हं’ म्हटलं की तू लवकर आटपतोस, म्हणून म्हणते."

मी नऊ वर्षांत काय काय बोललो, ते आठवायला लागलो. चढ एकदम फार उंच वाटला.

"सगळं?"

"माझ्या आईबद्दलचंसुद्धा. ढकल आता. आणि मेकॅनिकला सांग, टकटक जरा जास्तच ठेव. संध्याकाळी माझ्या आईला आणायला तुलाच जायचंय."