आगाऊ सूचना देणारा राक्षस

राक्षसाने जाळ फुंकण्याआधी "माफ करा हं" म्हटलेलं मी एकाच ठिकाणी ऐकलं आहे: भुकूमच्या आमच्या सोसायटीत, टेकाळ्यांच्या हॉलमध्ये.

टेकाळे मूळचे परभणीचे, नोकरीला हिंजवडीत. कंपनीने परदेशी पाठवलं की लोक चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या आणतात. यांनी नियमांचं एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा आणला. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, टेबलाभोवती बसून त्याच्या वतीने बोलायचं आणि फाशात येईल ते भोगायचं. गोष्ट सांगणार टेकाळे. राजा तेच, जंगल तेच आणि सगळे राक्षसही तेच. तेव्हा भुकूमला मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर यायची, त्यामुळे रविवारी दुपारी टेकाळ्यांकडे जाऊन बसल्याने आमचं काही बुडत नव्हतं.

मी चोर होतो, अंधारात दिसणारा. दुसऱ्या मजल्यावरची नीलिमा चेटकीण. आणि तात्या योद्धा. तात्या म्हणजे ज्यांच्या भातखाचरांवर आमची सोसायटी उभी राहिली, ते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "अंगावर काय काय घालता येतंय?" आणि टेकाळ्यांनी सांगितलेलं सगळंच घातलं. डोक्यापासून पायापर्यंत लोखंड. कुणाची तलवारच त्यांना लागेना.

अडचण मंत्रांची होती. पुस्तकातले राक्षसांचे काही मंत्र ठरावीक माणसालाच लागायचे. एकाने लोखंड तापतं. चिलखतवाला भाजून निघतो आणि बाकीचे वारा खात उभे. एकाने वाचा जाते. त्यात चेटकीण मरते, कारण तिचं सगळं तोंडावर चालतं. एकाने लख्ख उजेड पडतो, चोर आंधळा. टेकाळ्यांना हे सोसायचं नाही. "एकट्याला गाठू नये," हे त्यांचं पालुपद. पण मंत्र गाळायचेही नाहीत, कारण "पुस्तकात आहे ना!" मग चेहरा पाडून, माफी मागून, फासा हातात घोळवत बसायचे. एकदा लिफ्ट बंद पडली, तेव्हा हा पहिल्या मजल्यावरचा माणूस जिने चढून पाचव्या मजल्यावर दिलगिरी व्यक्त करून आला. लिफ्टशी यांचा काडीचा संबंध नव्हता.

एका रविवारी तात्यांचा योद्धा पुन्हा भाजला आणि नीलिमा भडकली.

"टेकाळे सर, हा मंत्रच काढून टाका. इथे लोखंड घालणारे एकटे तात्या. म्हणजे हा मंत्र नाही, तात्यांवरचा राग झाला! मत घ्या हवं तर."

मीही हात वर केला. टेकाळे एवढेसे झाले. "बरोबर आहे तुमचं. काढतो," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

"निदान तात्यांना आदल्या दिवशी सांगायचं तरी," नीलिमा पुटपुटली. "मला सांगतात तसं."

"म्हणजे?"

वाचेचा मंत्र येणार असला, की टेकाळे शनिवारी तिच्या घरी जाऊन "उद्या घशाला जपा" असं सांगून येत. मी गार पडलो. उजेडाचं ते मलाही सांगून जात, आणि ही मेहेरबानी फक्त आपल्यावर आहे या समजुतीत मी मूग गिळून होतो.

"मलाबी सांगितलं की," तात्या शांतपणे म्हणाले. "काल सांजच्याला आला व्हता. म्हनला, तात्या, उद्या लोखंड घालू नका."

"मग घातलंत कशाला?" नीलिमाने विचारलं.

तात्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "त्याची बायको-पोरगी तिकडं परभणीला. तिची नोकरी तितं, ह्याची हितं. सुट्टीचं घर खायाला उठतंय. पर मानूस लई भिडस्त, उगंच कुनाच्या दारात जायाचा न्हाई. मंत्र असला म्हंजे येतोय. सांगून झालं तरी बसतोय, पोरीचं कायबाय सांगतोय. मी लोखंड उतरवलं तर तापवायचं काय? मग आमच्याकडं कशाला यील?"

एवढी वर्षं शेजारी राहून मी त्यांना कधी दारातून आत बोलावलं नव्हतं. सूचना ऐकून घ्यायची आणि दार लावायचं.

टेकाळे चहा घेऊन बाहेर आले. "मग काढू ना तो मंत्र?"

"राहू दे, सर," नीलिमा म्हणाली. "पुस्तकात आहे ना."

पुढच्या शनिवारी माझी बेल वाजली. टेकाळे उभे होते, एक पाय जिन्याकडे.

"बसत नाही. उद्या गुहेत उजेड फार आहे. चोराला म्हणावं डोळ्यांवर फडकं बांध. तेवढंच सांगायला आलो होतो."

"आलाच आहात, तर चहा घ्या," मी म्हणालो.

चहा झाला, पोरीच्या शाळेतलं गॅदरिंग झालं, आणि शेवटी पिठलं-भात खाऊनच गेले.

रविवारी माझा चोर फडकं न बांधता, डोळे सताड उघडे ठेवून गुहेत शिरला.