आर्मांदोचा सत्कार

आर्मांदोशी गप्पा मारायला उभं राहिलं की पाच मिनिटांत आपण कोपऱ्यात असतो. कसे पोचलो ते कळत नाही. तो फक्त अर्धं पाऊल सरकतो, खांदा जरासा तिरका करतो, आणि आपण मागे मागे जात भिंतीला टेकतो. आमच्या घरच्या सत्यनारायणाला त्याने मेधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बॉसला फ्रिज आणि भिंतीच्या मधे असं अडकवलं की तो बिचारा मसालेभाताची प्लेट घेऊन जेवणं आटपेपर्यंत तिथेच होता. "मुद्दाम नाही करत," आर्मांदो म्हणतो. "पायांना सवय आहे."

असणारच. पोर्तुगालमधल्या एका छोट्या गावाच्या क्लबात तो उमेदीची सगळी वर्षं बचावपटू होता. उभ्या कारकिर्दीत गोल एकच, आणि तोही स्वतःच्याच जाळ्यात. गुडघा गेल्यावर मॅनेजर झाला. तिथल्या क्लबांनी काढलं म्हणून कॅनडात आला, आणि आठवडाभर काँक्रीट ओतून रविवारी टोरोंटोतल्या पोर्तुगीज टीम सांभाळायला लागला. त्यांनीही एकेक करून काढलं. निवृत्त होऊन मिसिसागात आमच्या शेजारी राहायला आला, तेव्हा त्याला काढायला कोणी उरलं नव्हतं. मग त्याला आमचं मराठी मंडळ भेटलं.

मंडळाची फुटबॉल टीम म्हणजे चाळिशी ओलांडलेले आणि बायकांनी कोलेस्टेरॉलच्या धाकाने घराबाहेर काढलेले इसम. पहिल्याच मॅचला बॉल आला तो मंडळाचे अध्यक्ष पाटणकर आणि त्यांच्याच बँकेत त्यांच्या हाताखाली काम करणारा सचिन यांच्या बरोबर मधे. सचिन थांबला. "घ्या ना सर." पाटणकरही थांबले. "अरे, तू घे." "नाही सर, प्लीज, तुम्ही." पंगतीत शेवटच्या जिलबीचा होतो तसा आग्रह रंगला. ब्रॅम्प्टनच्या टीमचा एक दणकट पंजाबी दोघांच्या मधून बॉल घेऊन गेला आणि गोल करून परत आला, तरी यांचं चालूच होतं. आर्मांदो डोक्याला हात लावून गवतावर बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "कालमा." त्याच्या भाषेत, शांत राहा. त्या दिवशी तो हे सहा वेळा म्हणाला, कारण आम्ही सहा गोल खाल्ले.

मागच्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली. मी बेसमेंटमधल्या सोफ्यावर जो आडवा झालो तो उठेचना. एका सकाळी आर्मांदो पायऱ्या उतरून थेट खाली आला. "दाढी कर," म्हणाला. "माणसाला काढलं ना, की दुसऱ्या दिवशी आधी दाढी करायची. मी पुष्कळदा केली आहे." पुढे नवी नोकरी लागेपर्यंत रोज सकाळी तो मला पार्कात न्यायचा आणि बर्फात एका मेपलच्या झाडासमोर उभं करून त्याला अडवायला लावायचा. कुत्री फिरवणारे लोक थांबून बघायचे. झाड कुठेच जात नव्हतं, पण मी हळूहळू माणसात आलो. मेधा अजून त्या झाडाला हात जोडते. मी आर्मांदोला जोडतो. त्याचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

म्हणूनच मंडळाच्या कमिटीने मला त्याच्याकडे पाठवलं तेव्हा माझा पाय उचलेना. सगळा सीझन हरलो होतो. पाटणकरांना लॅपटॉपवर अॅनालिसिस करणारा कोणी तरुण कोच सापडला होता. "तू नेबर आहेस, तूच पोलाइटली सांग," ते म्हणाले. आमच्याकडे कुणाला काढायचं झालं की त्याचा आधी सत्कार करतात. त्यामुळे हातात शाल आणि नारळ होता.

रविवारची संध्याकाळ. त्या दिवशीची मॅच हरूनच आम्ही घरी आलो होतो. आर्मांदोचं दार उघडं होतं आणि आतून कोणीतरी हसत होतं. त्याची बायको इल्दा बरी नसते, एवढंच मला ठाऊक होतं. आज पाहिली. बाहेरच्याच खोलीत पलंग मांडलेला. स्ट्रोकने तिची उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. आणि समोर कार्पेटवर आर्मांदो, तसल्या गुडघ्यावर, आमच्या बचावफळीची नक्कल करत होता. "नो सर, प्लीज सर!" इल्दा अर्ध्या ओठांनी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

माझ्या हातातली शाल बघून तो दाराशी आला. "काढायला आलास ना? तिकडेही शेजाऱ्यालाच पाठवायचे." मी शाल पाठीमागे लपवली. "काढा. फक्त मला मैदानाबाहेर उभं राहू द्या. ती आठवडाभर नुसती छताकडे बघते. टीव्हीवरच्या मोठमोठ्या मॅच सांगून पाहिल्या, उपयोग नाही. तुमचं सांगितलं की हसते."

"आणि आम्ही जिंकायला लागलो तर?"

"मग माझी पंचाईत आहे," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मी आत गेलो आणि शाल इल्दाच्या पायांवर पांघरली. तिने डाव्या हाताने ती चाचपली, मग माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "विचारते आहे, हा कोणता?" आर्मांदो म्हणाला.

"आज रिकाम्या गोलसमोर बॉल सोडून हवेत लाथ मारून जो पडला, तो मी."

तिचा चेहरा उजळला. ती मला ओळखत होती! "दाखव तिला," आर्मांदो म्हणाला. मी, एका कंपनीचा सीनियर आर्किटेक्ट, जोरात लाथ मारून त्यांच्या कार्पेटवर उताणा पडलो. तेवढ्यात फोन वाजला. पाटणकर.

"झालं का?"

"नाही सर," मी पडल्या पडल्याच म्हणालो. "आर्मांदोच मॅनेजर राहणार. कोणाला ऑब्जेक्शन असेल तर त्याने इथे येऊन, इल्दासमोर उभं राहून सांगावं."

पाटणकर काहीतरी विचारत होते, पण मला ते नीट ऐकू आलं नाही, कारण इल्दा हसत होती. मी फोन ठेवला.

"ऊठ," आर्मांदो म्हणाला. "तिला परत बघायचंय."

मी उठलो आणि परत पडलो. इतक्या आनंदाने मी जन्मात कधी पडलो नव्हतो.