मापकाकांच्या मागची बस

“अहो, सत्तर किलोमीटर म्हणजे किती, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?” काकूंनी विचारलं.

तेहतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला काकूच हव्यात. गाव त्यांना मापकाका म्हणायचं ते काही उगाच नाही. कुठल्याही दुकानातल्या तराजूची खोट त्यांना पायरीवरूनच दिसायची. फक्त स्वतःच्या अंगातल्या ताकदीचं माप घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

“ठाऊक आहे,” सायकलच्या साखळीला तेल घालत ते म्हणाले. “सत्तर हजार मीटर.”

“आणि तुमचं वय?”

“त्याचा इथे काय संबंध?”

संबंध होता, पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी गावातून शहराला जाणारी एकुलती एक बस बंद झाली होती. कारण दिलं होतं, ‘प्रवासी नाहीत’. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. दर गुरुवारी शहरातल्या इस्पितळात जाऊन व्यायाम करायचा, हयगय केली तर काठी जन्माला पुरेल, असं तिथल्या फिजिओबाईंनी बजावलं होतं. शेजाऱ्याने दोन गुरुवार आपल्या गाडीतून नेलं आणि तिसऱ्या गुरुवारपासून तो गाडी मागच्या गल्लीत लावायला लागला. तेव्हापासून काकू घरीच होत्या, आणि सुटत आलेला पाय पुन्हा आखडू लागला होता. रात्री कूस बदलताना त्या ओठ चावायच्या. मापकाकांना ते दिसायचं आणि जीव तीळतीळ तुटायचा.

त्यांनी बसखात्याला चार अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. मग गावच्या सभेत ते एकदम उठले आणि म्हणाले, “मी सायकलवरून शहरातल्या मुख्य कचेरीत जाईन! घोषणा नाहीत, दगड नाहीत, भांडण नाही. शांतपणे जाईन आणि अर्ज हातात देईन!” बोलून बसायच्या आत टाळ्या पडल्या. टाळ्यांनी भल्याभल्यांची अक्कल जाते. दुपारपर्यंत चौकात फलकही लागला. मोहिमेचा दिवस ठरला गुरुवार.

ही बातमी डेपोप्रमुखांच्या कानावर गेली आणि त्यांना घाम फुटला. म्हातारा वाटेत कोसळला तर पेपरात नाव कोणाचं येणार? त्यांनी डोकं लढवलं. एक रिकामी बस म्हाताऱ्याच्या मागे सोडायची, थकला की उचलायचं आणि घरी आणून सोडायचं. लेखी आदेश निघाला: ‘गाडी सायकलस्वाराच्या मागे ठेवावी. त्याला ओलांडू नये. तो गाडीत चढताच गाडी फिरवून परत आणावी.’

पण गुरुवारी पहाटे गाडी गेटवरच अडली. पाटी लावल्याशिवाय एकही गाडी गेटबाहेर सोडायची नाही, हा डेपोचा नियम. म्हाताऱ्यामागे जाणाऱ्या गाडीची पाटी कुणी रंगवून ठेवली असेल? शोधाशोध केल्यावर कोपऱ्यात बंद झालेल्या मार्गाचीच पाटी सापडली. रस्ता तोच, मग लावली तीच. पाटी लागली म्हणजे कंडक्टर हवा, आणि कंडक्टर आला म्हणजे प्रवाशांच्या नोंदीचा तक्ता हवा. कंडक्टरबाई अशा की अकरा वर्षांत तक्त्यातला एक चौकोन त्यांनी कोरा सोडला नव्हता.

सहाच्या ठोक्याला मापकाका निघाले. मागे बस घरघरत होती. पहिले तीन किलोमीटर त्यांची मान ताठ होती. खात्याने आपली धास्ती घेतली, या विचाराने पाय आपोआप फिरत होते. मग त्यांनी सहज मागे वळून पाहिलं आणि हँडल गटारीच्या दिशेला गेलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, काकू बसल्या होत्या.

“अगं, तू कुठे निघालीस?” त्यांनी ओरडून विचारलं.

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “व्यायामाला! तुम्हाला निरोप द्यायला थांब्यावर आले तर बस आली!”

“आणि मी कुणासाठी निघालोय?”

“ते मला काय विचारता? पुढे बघा आधी!”

काकूंच्या मागे अजून पाच डोकी दिसत होती. कंडक्टरबाईंचा हिशेब साधा होता. पाटी आहे, थांबा आहे, माणसाने हात केलाय, मग गाडी थांबणार आणि नोंद होणार. रस्त्यावरच्या लोकांनी दोन महिन्यांत ती पाटी पाहिली नव्हती. जो बघेल तो चढत होता. दहाव्या किलोमीटरला सगळ्या सीटा भरल्या आणि विसाव्याला लोक दांड्याला धरून उभे राहिले.

आणि इकडे पंचविसाव्याला मापकाका संपले. मांड्या पेटल्या होत्या, घसा कोरडा पडला होता. अब्रू गेली खड्ड्यात, असं म्हणून ते उतरले आणि सायकल ढकलत बसच्या दाराशी आले. त्यांनी पायरीवर पाय ठेवला मात्र, आतून पन्नास गळे ओरडले, “काका, चढू नका!”

“अहो, मरतोय मी!”

“तुम्ही चढलात की गाडी मागे फिरणार, आदेशच आहे,” ड्रायव्हर कळवळून म्हणाला. “मी तरी काय करू?”

“मग मी चढत नाही. तुम्ही पुढे व्हा.”

“ओलांडायचंही नाही, काका.”

“माझी कोर्टात साडेबाराला साक्ष आहे,” दारातला एक टाय लावलेला माणूस म्हणाला. “काका, हात जोडतो. जरा रेटा.”

काकूंनी फक्त मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. व्यायामाची खोली एकला बंद व्हायची. मापकाकांनी ते पाहणं पाहिलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पुन्हा टांग मारली.

आता हे आंदोलन कोण करत होतं, देवच जाणे. मापकाका सावकाश झाले की मागून आवाज यायचा, “काका, सव्वादहा!” चढ लागला की सगळी बस “हां, हां, जमतंय!” म्हणायची. उतार लागला की कोणीतरी ओरडायचं, “ब्रेक नका लावू, वेळ भरून काढा!” भर चढावर कंडक्टरबाईंनी मान बाहेर काढून विचारलं, “काका, पुढच्या थांब्यावर दोघांना उतरायचंय, जरा थांबाल का?” या दोन प्रवाशांवर मात्र मापकाकांचं मनापासून प्रेम जडलं. ते थांब्यावर पोचून दीड मिनिट रस्त्याकडेला आडवे झाले.

अठ्ठावन्नाव्या किलोमीटरला मागचं चाक फुस्स झालं. अकरा वाजून पन्नास मिनिटं. मग मागच्या सीटवरून एक आजोबा गर्दीतून वाट काढत उतरले. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत पकड, कानस आणि सोल्यूशनची ट्यूब होती. शहरात सायकलदुरुस्तीचं काम मिळतं का बघायला निघाले होते.

“हा टायर आहे की फडकं?” त्यांनी चाक काढताकाढताच झापायला सुरुवात केली. “माणसाची मापं काढत हिंडलात, हवेचं माप कधी पाहिलंत का?”

“आजोबा, बोलणी नंतर. किती वेळ?”

“तोंड बंद ठेवलंत तर सात मिनिटं.”

साडेसहा लागली. शेवटचे बारा किलोमीटर मापकाकांनी कसे मारले ते त्यांना आजही आठवत नाही. एकला सात कमी असताना बस इस्पितळाच्या दाराशी थांबली आणि काकू काठी टेकत आत गेल्या. मापकाकांनी हुश्श केलं. इतकं मोठं की शेजारचा रखवालदार दचकला.

मुख्य कचेरी समोरच होती. साहेबांनी एका थकल्या म्हाताऱ्यासाठी पाण्याचा ग्लास आणि ‘विचार करू’ हे वाक्य तयार ठेवलं होतं. आत शिरले मापकाका, त्यांच्यामागून कंडक्टरबाई आणि निम्मी बस.

“साहेब, फेरी पूर्ण झाली,” कंडक्टरबाईंनी तक्ता पुढे केला. “एकशे सदतीस प्रवासी. सही करा.”

“कुठली फेरी? हा मार्ग बंद आहे.”

“असेल. मग एकशे सदतीस माणसं बंद मार्गावर आणली कुणी, तेही खाली लिहा. चौकोन आहे त्याला.”

साहेबांनी तो चौकोन पाहिला. त्याखाली ‘जबाबदार अधिकारी’ असं छापलेलं होतं. मार्ग बंद असेल तर ही सगळी माणसं त्यांच्या गळ्यात, आणि मार्ग चालू असेल तर एक उत्तम भरलेली फेरी. दोन्हींतून एकच निवडायचं होतं. साहेबांनी मान पुसली, सही केली आणि मापकाकांच्या अर्जावर लिहिलं, ‘फेरी नियमित चालू आहे. तक्रारीत तथ्य नाही.’

तक्रारीत तथ्य नाही हे वाचून इतका आनंद झालेला माणूस त्या कचेरीने पाहिला नव्हता. साक्षीदार तर कोर्टात उशिरा पोचूनही हसत होता म्हणे. त्याच्या न्यायाधीशांनाही त्या दिवशी उशीर झाला होता.

मापकाका इस्पितळाच्या बाकावर काकूंची वाट बघत बसले आणि तिथेच अडकले. गुडघे सरळ होईनात, कंबर हलेना. काकू बाहेर आल्या, मागून फिजिओबाई. त्यांनी मापकाकांना दोन्ही हातांनी उभं करून पाहिलं, पाठ दाबली, पोटऱ्या चाचपल्या आणि मान हलवली.

“काकूंचं मी परत सुरळीत करते, दोन-चार आठवड्यांत काठीही सुटेल,” त्या म्हणाल्या. “पण यांना आठवड्यातून दोनदा आणावं लागेल. निदान तीन महिने.”

काकूंनी काठी मापकाकांच्या हातात दिली, दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला आणि पावलापावलाने त्यांना बसपर्यंत नेलं. खिडकीशी बसवलं. पिशवीतून पाणी काढून दिलं. मग एक मोठा सुस्कारा सोडून म्हणाल्या, “बरं झालं बाई, बस सुरू झाली ते. नाहीतर तुम्हाला आणलं असतं कसं मी?”