दहापैकी किती

घरून आणलेल्या स्टीलच्या डब्याचं झाकण खट्‌दिशी उघडलं आणि इस्पितळाच्या खोलीत बैठकीला सुरुवात झाली. बाळंतिणीचं दुखणं हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तो तिच्या एकटीवर सोडून चालत नाही.

इस्पितळाचा नियम साधा होता. सिस्टरनी दर चार तासांनी विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. आकडा चारच्या वर गेला की सिझेरियनच्या वेळी पाठीत बसवलेल्या बारीक नळीतून औषधाचा पुढचा डोस मिळायचा. नियम करणाऱ्यांची चूक एवढीच, की नातेवाइकांसाठी त्यांनी रकाना ठेवला नव्हता. ती उणीव घरच्यांनी आपणहून भरून काढली.

सासूबाईंनी दोन दिले. (आधार: त्यांच्या वेळी नळीबिळी नव्हती.) नवऱ्याने उदारपणे तीन दिले, ऑपरेशनभर तो तिचा हात धरून बसला होता आणि त्याला काहीही दुखलं नव्हतं. (दारात बोट चेमटलं त्या दिवशी त्याने स्वतःला साडेनऊ दिले होते.) भेटायला आलेल्या मावशी म्हणाल्या, कळाच दिल्या नाहीत तर मोजायचं काय, तरी बाळाकडे बघून त्यांनी एक दिला. सरासरी दोन. टाक्यांचं मत घेतलं गेलं नाही.

औषध दुपारपासून उतरत आलं होतं आणि बाळाला पाजायला उठून बसावं लागणार होतं. बाळंतिणीच्या मनात आठ होते. पण आठ म्हणजे जरा हावरटपणाच. सात म्हटलं तर सासूबाईंना लागेल, सहा म्हटलं तर नवरा घाबरेल, पाच म्हटलं तर मावशी ते गावभर नेतील. (वाचकांनीही एव्हाना आपापला आकडा ठरवला असेलच; तोही तिला न विचारता.)

सिस्टर आल्या. घरच्यांचा दोन त्यांनी ऐकून घेतला, लिहिला नाही.

"ताई, तुम्ही सांगा."

बाळंतिणीने मान वळवली. मग म्हणाली, "तीन."

तीन लिहून सिस्टर गेल्या. सासूबाईंनी मायेने तिचं पांघरूण सारखं केलं. बाळ चुळबुळायला लागलं.

पायथ्याशी पाच वर्षांची थोरली बसली होती. बैठकीत तिला मत नव्हतं, त्यामुळे तिचं सगळं लक्ष आईकडेच होतं.

"आई, सिस्टर तुला विचारत होत्या ना? मग तू आजीकडे का बघितलंस?"