नाटकाकडे पाठ करून बसणारे नाखवा सर

प्रयोग सुरू झाला की हिरामण नाखवा रंगमंचाकडे पाठ करून बसतात. पहिल्या रांगेच्या पुढे, डाव्या भिंतीला लागून, प्लास्टिकच्या स्टुलावर. तोंड प्रेक्षकांकडे, मांडीवर वही. नाटक त्यांनीच बसवलेलं असतं. एकदा समोरच्या गृहस्थांना राहवलं नाही. त्यांनी हळूच सांगितलं, "काका, नाटक मागे चाललंय."

"ते मी चार महिने बगितलंय," नाखवा म्हणाले. "आता तुमाला बगतो."

त्यांची वही मी वाचली आहे. नोंदी कोणत्याही बातमीदाराने हेवा करावा इतक्या नेमक्या असतात. 'अंक पहिला. नायक रडतो. तिसरी रांग, चष्मेवाला : जांभई. त्याची बायको : जांभई, पण तोंडावर हात.' 'अंक दुसरा. भांडण. पाचव्या रांगेतल्या बाईंचा वेफर तोंडापाशी थांबला. सीन पास.' ज्या वाक्याला तिघांहून जास्त लोक खोकतात, ते वाक्य पुढच्या प्रयोगात नसतं. एका जानेवारीत अख्ख्या पनवेलला सर्दी झाली होती. दोन तासांचं रहस्यनाट्य तीन प्रयोगांत पन्नास मिनिटांवर आलं. खुनी कोण, हे सांगणारं वाक्यही त्यात गेलं. लेखक घरी भांडायला आला, तेव्हा नाखवांनी त्याच्यापुढे वही धरली.

"सतरा जन खोकले. खुनी कोन याची कोनाला पडलेली नाय."

लेखकाला हे उभ्याने ऐकावं लागलं, कारण प्रयोगांच्या दिवसांत नाखवांच्या घरात बसायला काही नसतं. सोफा, टेबल, पडदे, फ्रिज, सगळं नेपथ्य म्हणून टेम्पोतून गेलेलं असतं. सोसायटीत नवा वॉचमन आला, त्या वर्षी त्याने भरदुपारी रिकामा होणारा फ्लॅट पाहिला आणि थेट पोलिसांना बोलावलं. हवालदार आले. नाखवांनी त्यांना प्रयोगाचे दोन पास दिले आणि विचारलं, "खोकला नाय ना तुमाला?"

नाखवा मूळचे उरणजवळच्या करंज्याचे. जासईच्या कंटेनर यार्डात कारकुनी करून निवृत्त झाले आणि पनवेलच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मी इथल्या एका छोट्या दैनिकात बातमीदार आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांची मुलाखत घ्यायला गेलो, आणि त्या दिवसापासून त्यांच्या नाट्यसंस्थेच्या प्रयोगांचं निवेदन माझ्याकडे आहे. मी होकार दिल्याचं मला आठवत नाही. त्या मुलाखतीत मी विचारलं होतं, तुम्ही नाटकांचं चित्रीकरण का करू देत नाही?

"रिपोर्टर, तू मासळी खातोस ना? नाटक म्हंजे ताजा बोंबील. आजचा आज. शूटिंग केलंस की त्याचं सुकट झालं. सुकट वाईट नाय. पन सुकट तुज्याकडं बगत नाय."

ताजा बोंबीलही बघत नाही, असं मी म्हणालो. "मग तू नीट बाजारात गेलेला नायस," ते म्हणाले. मुलाखत तिथेच संपली.

गेल्या वर्षी त्यांनी हौशी नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवलं. त्याआधी दोनदा त्यांचा चौथा क्रमांक आला होता, आणि चौथ्या क्रमांकाला स्पर्धेत काहीच मिळत नाही. मुख्य भूमिका त्यांनी शालिनीताईंना दिली. या खारघरच्या निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट, रंगमंचावर पहिल्यांदाच. काम त्या उत्तम करत. फक्त एका जागी अडकत. दुसऱ्या अंकात आई मुलांना सांगते, मी तुमच्या घरी राहायला येणार नाही. "मला एवढंच सांगायचंय," असं म्हणून शालिनीताई थांबत, आणि एवढंच म्हणजे काय, ते त्यांना आठवत नसे. रोज. तिथेच.

संस्थेतले लोक म्हणाले, सर, बाई बदला. कॉलेजच्या दोन मुली तयार आहेत, केस पांढरे करू. नाखवांनी मान हलवली नाही.

"सर, खरंच काढा मला," शालिनीताई स्वतःच म्हणाल्या. "मुलगा आणि सून येणारेत बघायला. 'आई, या वयात कशाला हे टेन्शन?' असं तो रोज विचारतो. त्याच्यासमोर अडकले ना, तर संपलंच. परत घराबाहेर नाही पडायची मी."

"म्हनूनच काढीत नाय," नाखवा म्हणाले. "चला. पयल्यापास्नं."

स्पर्धेच्या दिवशी तिसरी घंटा झाली. नाखवांनी लिहून दिलेली सूचना मी माइकवर वाचली : "मोबाइल बंद करा. वाजला, तर सगळे तुमच्याकडे बघतील आणि आम्ही तुमचा चेहरा लक्षात ठेवू." मग मी डाव्या विंगेत जाऊन उभा राहिलो. तिथून मला शालिनीताई, नाखवा आणि पहिल्या दोन रांगा दिसत होत्या. दुसऱ्या रांगेत मुलगा आणि सून बसले होते.

पहिला अंक छान गेला. दुसऱ्यात शालिनीताई रंगमंचाच्या मधोमध आल्या. "मला एवढंच सांगायचंय," म्हणाल्या आणि थांबल्या. सभागृह इतकं शांत होतं, की विंगेतल्या प्रॉम्प्टरने तोंड उघडलं असतं, तर शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं असतं. तो हातात संहिता धरून माझ्याकडे बघत राहिला. समोर सुनेने नवऱ्याचं मनगट धरलं.

नाखवांची रंगमंचाकडे पाठ होती. त्यांना फक्त सुनेचा हात दिसला असणार.

पूर्ण आवाजात एक कोळीगीत वाजलं. नाखवा उठले, स्टूल पाडलं, फोन कानाला लावून ओरडले, "हॅलो! कोन? आवाज येत नाय! जरा मोठ्यानं बोल!" प्रेक्षक खवळले. "ओ काका!" "बाहेर जा!" "लाज वाटते का?" कोणीतरी शिट्टी मारली. त्या गोंधळात प्रॉम्प्टरने वाक्य खणखणीत सांगून टाकलं. शालिनीताईंनी ते ऐकलं, सभागृह शांत होईपर्यंत नाखवांकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "मला एवढंच सांगायचंय..." पुढचं सगळं भाषण एका दमात झालं. टाळ्या थांबेनात.

प्रयोगानंतर परीक्षकांनी माइकवरून सांगितलं, की खुद्द दिग्दर्शकानेच फोन चालू ठेवावा हे लाजिरवाणं आहे आणि संस्थेचे शिस्तीचे गुण कापले आहेत. नाखवांनी मान खाली घालून दोनदा "चुकलं" म्हटलं. निकालात नाटक चौथं आलं.

मी ही बातमी देणार होतो, आणि बातमीला प्रतिक्रिया लागते. शिवाय मी विंगेतून एक क्रम पाहिला होता : आधी नाखवांचा हात खिशात गेला, मग फोन वाजला. सामान टेम्पोत चढत असताना मी त्यांना गाठलं. पलीकडे शालिनीताईंना सून मिठी मारत होती आणि मुलगा दोघींचे फोटो काढत होता.

"सर, फोन कोणाचा होता?"

नाखवांनी आधी शालिनीताईंकडे पाहिलं. त्या लांब आहेत, याची खात्री करून घेतली.

"मला कोन करतंय रं फोन?" ते म्हणाले आणि सोफ्याचं एक टोक उचलायला गेले.

प्रतिक्रिया मी छापली नाही. घरी जाताना रिक्षात माझा फोन काढून त्यांचं नाव शोधलं. त्याखाली नऊ वर्षांच्या कॉलची यादी होती, आणि त्यातले सगळे फोन त्यांच्याकडून आलेले होते.