ते ऱ्हाऊ द्या, कंबर सांगा

भानुदास आबांच्या दुकानात पाऊल टाकलं की 'या, बसा' नंतर; आधी पोटाला टेप बसते. तुम्ही कपडे शिवायला आलात की नुसता पत्ता विचारायला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. कुरिअरवाल्याचं माप घेऊन झालंय, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांचं झालंय. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार दहा-बारा कार्यकर्ते घेऊन हात जोडून आत शिरला. आबांनी त्याचे जोडलेले हात वर करायला लावले, टेप फिरवली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "मागल्या येळंपेक्षा चार इंच जादा! तालुक्याचा विकास हितं झालाय व्हय!"

इंदापूरच्या स्टँडमागच्या गल्लीत आबांचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढं, अंगाने काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दुसऱ्याच्या कपड्याला एक टाका वाकडा चालत नाही, पण स्वतःच्या शर्टाला तिसरं बटण कित्येक वर्षं नव्हतं. गिऱ्हाइकाची मापं ते जाड वह्यांमध्ये लिहितात आणि जुनी वही कधी टाकत नाहीत. माझं पहिलं माप त्यांनी मी दहावीत असताना घेतलं. त्यावरचा त्यांचा शेराही तिथंच आहे: 'खांदा उतरता, स्वभाव चढता.'

स्वभावाचं खरं आहे, मी तापट माणूस. पण आबांसमोर माझंही काही चालत नाही. तुम्ही कौतुकाने सांगायला जावं, की पोराला पुण्यात नोकरी लागली, उसाला यंदा चांगला उतारा पडला, नवा ट्रॅक्टर घेतला. आबा दातात टाचणी धरून ऐकून घेणार आणि म्हणणार, "ते ऱ्हाऊ द्या, कंबर सांगा."

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आमचे युनिफॉर्म आबाच शिवतात. दोन वर्षांपूर्वी कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली आणि कँटीनच्या भिंतीवर उंची-वजनाचा एक भलामोठा रंगीत तक्ता लागला. हिरव्यात असाल तर उत्तम, पिवळ्यात असाल तर सांभाळून, लालमध्ये असाल तर लठ्ठ. मी हिरव्यात, अगदी मधोमध! जेवताना मी मुद्दाम त्या तक्त्याखाली बसायला लागलो.

आमच्या पॅकिंगमधला कन्हेरीचा सदा पैलवान मात्र लालमध्ये गेला. पोरगं तालमीत वाढलेलं, छाती कपाटाएवढी, पोट सपाट. त्याला साहेबांनी 'वजन उतरवा' असा कागद दिला. बिचाऱ्याने भाकरी अर्ध्यावर आणली आणि तोंड उतरवून आबांकडे गेला, "आबा, युनिफॉर्म जरा घट्टच शिवा. मी बारीक व्हणार हाय."

"कोण म्हणतं तू जाडा हायस?"

"तक्ता म्हणतोय."

आबांना तक्ता म्हणजे कोण ते कळेना. कळलं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं, वही काखेत मारली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने थेट आमच्या कंपनीच्या गेटवर हजर! मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कँटीनमध्ये, तपासणीच्या तरुण डॉक्टरणीपुढं वही उघडून आबा उभे राहिले. "बाई, ह्या पोराची कंबर बत्तीस, छाती सेहेचाळीस. हा लठ्ठ कसा? तुमचा तक्ता कुणाला मोजून केलाय? आमच्या तालुक्यातला एक तरी माणूस मोजला हुता का?"

मला वाटलं, आता हाकलून देणार. पण ती पोरगी गुणाची. ती हसली आणि म्हणाली, "आबा, मुळात हे आकडे बाहेरच्या देशांतल्या लोकांवरून काढलेले. त्यांची हाडं वेगळी, अंगाची ठेवण वेगळी. आणि वजनकाट्याला मांस कुठलं, चरबी कुठली ते कळत नाही."

"मग भिंतीवर कशापायी लावलाय? मी सगळ्या गावाला एकाच मापाची पँट शिवली तर लोकं मला मारतील की!"

कँटीन हसून हसून लोळलं. सदाचा कागद रद्द झाला आणि त्याची भाकरी पूर्ववत झाली. मी मात्र त्या गडबडीतसुद्धा म्हटलं, "काही म्हणा आबा, आम्ही हिरव्यातच!" आबांनी माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि एसटी पकडायला गेले.

गेल्या वर्षी माझ्या स्नेहलचा साखरपुडा ठरला, बारामतीला. माझी एक बिस्किटी रंगाची चांगली पँट होती, ती कमरेत आवळायला लागली होती. दहा दिवस आधी ती घेऊन मी आबांकडे गेलो. "दोन बोटं ढिली करा, बस."

आबांनी टेप लावली. पोट मोजलं. मग पँटचं काम असून दंडही मोजले, मांडी मोजली. मागच्या चार वह्या काढल्या आणि बोट फिरवत बसले. "दिलीप, दंड उतरल्यात, मांडी उतरलीया, आन् पोट एकटंच म्होरं निघालंय. वजन किती?"

"तेवढंच आहे. हिरव्यात!"

"तहान लागती?"

"पत्र्याखाली काम करतो आबा, तहान लागणारच."

आबांनी पँटची घडी केली आणि कपाटात टाकून किल्ली फिरवली. "रगत तपासून ये. कागद दाखव, पँट ने."

माझा चढता स्वभाव चढला. मी म्हटलं, तुम्ही शिंपी आहात का डॉक्टर? पोरीचा साखरपुडा तोंडावर आलाय, हजार कामं आहेत, आणि तुम्ही माझी पँट अडकवून ठेवता? तक्ता सांगतोय मी ठणठणीत आहे! आबा शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणाले, "सदाच्या टायमाला तक्ता खोटा हुता, तवा टाळ्या पिटल्यास. आता तुज्या टायमाला खरा कसा झाला?"

मी तणतणत बाहेर पडलो. बारामतीला जाऊन तीन दुकानं पालथी घातली आणि तयार पँट घेतली. कमरेत बसली ती मांडीत धोतरासारखी फुगली, मांडीत बसली ती पोटावर येईना. शेवटी एक कशीबशी आणली. घरी घालून दाखवली तर मंगल, म्हणजे आमची बायको, पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. स्नेहल म्हणाली, "पप्पा, फोटोत तुम्ही खुर्चीवर बसूनच राहा."

आबांना खोटं पाडायचंच, या एका इराद्याने मी रक्त दिलं. उपाशीपोटी दिलं, जेवून दिलं. संध्याकाळी कागद हातात आला. साखर भरपूर वाढलेली होती, दोन्ही वेळची. डॉक्टर म्हणाले, "वजनावर जाऊ नका. आपल्याकडं माणूस अंगाने बेताचा दिसतो आणि चरबी सगळी पोटात. पण वेळेत आलात. डोळे, किडनी सगळं शाबूत आहे. आणखी वर्ष-दोन वर्षं असंच गेलं असतं तर सांगता आलं नसतं."

कागद घेऊन आबांकडे गेलो तेव्हा माझी मान खाली होती. आता हे चारचौघांत माझा उद्धार करणार, असं वाटलं होतं. आबांनी कागद चष्म्याजवळ नेऊन पाहिला, आकड्यावर बोट ठेवलं आणि "गोळी सुरू केली न्हवं?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी कपाट उघडलं. पँट तयार होती, इस्त्री करून ठेवलेली. कमरेला दोन बोटं ढिली आणि मांडीला थोडी आत घेतलेली.

"कधी केली?"

"तू भांडून गेलास त्याच दिवशी."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, दुकानातल्या स्टुलावर बसून मी चक्क रडलो. या माणसाने माझे डोळे वाचवले, माझ्या लेकीचा बाप वाचवला, आणि मी त्याला शिंपी आहात का डॉक्टर म्हणून आलो होतो. तसं तोंडाने बोललोही. आबा म्हणाले, "कापडावर टिपं पाडू नगं, डाग पडत्यात."

साखरपुड्याला आबा आले. तिसरं बटण लावून आले. जेवणं उरकल्यावर मंगल त्यांना पान द्यायला गेली. मी शेजारीच होतो. आबांनी पान हातात धरलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, एक सांगू का? राग मानू नगा. तुमीबी एकदा रगत तपासा. बारीक हाय म्हणून निवांत ऱ्हाऊ नगा."

मंगल म्हणाली, "मला काय हुतंय आबा? माझं वजन तर कमीच हाय."

"आमच्या हिचंबी कमीच हुतं." आबांचा आवाज बदलला. वत्सलाकाकू गेल्या त्याला सहा-सात वर्षं झाली होती. पायाला जखम झाली आणि ती बरी झाली नाही, एवढंच गल्लीला माहीत होतं. "शिबिरात वजन केलं, म्हणले उत्तम हाय. मीबी म्हणलं उत्तम हाय. साखर आतनं पोखरत हुती. मी जेन्ट्स टेलर. तिची पोलकी दुसऱ्या दुकानात शिवायची. साऱ्या तालुक्याची मापं माज्याकडं हायेत सूनबाई, कुणाचं काय वाढलं, काय उतरलं, सगळं लिवलेलं हाय. घरातलं एक माणूस तेवढं मोजायचं ऱ्हायलं."

आजूबाजूला फोटो चालले होते, पोरं नाचत होती. आबांना मूलबाळ नाही. इतकी वर्षं हा माणूस दिसेल त्याच्या पोटाला टेप का लावतो म्हणून आम्ही हसत होतो. मला माझीच लाज वाटली. मंगलने वाकून आबांच्या पायाला हात लावला.

सोमवारी तिला घेऊन तपासणीला गेलो. खिडकीतल्या पोरीने फॉर्म भरता भरता विचारलं, "कोणत्या डॉक्टरांनी पाठवलंय?"

"भानुदास आबांनी," मंगल म्हणाली.

"कुठं दवाखाना आहे त्यांचा?"

"डॉक्टर न्हाईत ते. माझे सासरे हायेत."

माझे वडील जाऊन वीस वर्षं झाली. मी मान हलवून हो म्हटलं, आणि त्या पोरीने तसंच लिहून घेतलं.