पगार काकांचा रुमाल

बसचं भाडं वाढलं म्हणून पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. तो आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो आणि त्याचं आडनाव पगार आहे.

आडनाव खरंच पगार आहे. काकांच्या गावाकडे, देवळ्याला, पगारांची घरंच्या घरं आहेत, त्यामुळे तिकडे कोणी हसत नाही. नाशिकमध्ये मात्र हसतात. त्यातून काका नोकरीला कुठे, तर नोटा छापायच्या कारखान्यात. 'पगार आले का?', 'आज पगार उशिरा', 'पगार रजेवर गेले, आता खायचं काय' हे सगळं त्यांनी निवृत्तीपर्यंत निमूट ऐकलं. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या चेअरमननी "आता तुम्हाला पेन्शन काका म्हणायचं का?" असं विचारून पाहिलं. काका त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

"मी पैसा छापलेला माणूस आहे," असं काका कुठल्याही वादाच्या सुरुवातीला सांगतात. प्रत्यक्षात ते तिथे पंखे आणि ट्यूबलाइट सांभाळायचे. हे मला काकूंनीच जिन्यात सांगितलं होतं, तेही डोळे मिचकावून. पण इतकी वर्षं नोटांच्या शेजारी काढल्यामुळे अर्थशास्त्र आपल्या अंगात मुरलंय, अशी काकांची ठाम समजूत आहे. मुरलेलं अर्थशास्त्र एका वाक्यात मावतं. ते वाक्य म्हणजे "झळ बसली पाहिजे."

गॅस महागला, झळ बसली पाहिजे. वीजबिल वाढलं, झळ बसली पाहिजे. फुकट मिळालं की माणूस बिघडतो, सवलतीने देश खिळखिळा होतो, सुधारणा म्हणजे कडू औषध, आणि नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. काकांना कंडक्टरने एकदा ज्येष्ठांच्या सवलतीबद्दल विचारलं, तर त्याला त्यांनी निमाणीच्या स्टॉपपासून शालिमारपर्यंत सुनावलं. तेव्हापासून तो बिचारा न विचारता पूर्ण तिकीट फाडतो.

मी अंबडला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. स्कूटर शिकायचा दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा भाजीच्या गाडीवर गेले, म्हणून सिटी बसने जाते. काकाही त्याच बसने अंबडला जातात. कशाला, ते कुणालाच माहीत नाही. विचारलं तर "काम आहे" म्हणतात. काम म्हणजे अंबडला उतरायचं, टपरीवर चहा प्यायचा आणि परतीची बस पकडायची. टपरी आमच्या गेटसमोरच असल्यामुळे हे काम मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता त्यांच्या रुमालाबद्दल सांगते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपल्याकडे रीतच आहे, त्यात नवल नाही. पण आमची बस निमाणीहून सुटते तेव्हा निम्मी रिकामी असते. काका आरामात चढतात, मधल्या बाकावर खिडकीशी बसतात आणि शेजारच्या जागेवर निळ्या चौकटीचा रुमाल पसरून ठेवतात. शालिमारला गर्दी चढते. कोणीतरी येऊन विचारतं, "इथे कोणी आहे का?"

"येताहेत," काका म्हणतात.

बस सुटते. कोणी येत नाही. उभा असलेला माणूस तापतो. "अहो काका, चालत्या गाडीत कोण येणार?" मग काका रुमाल उचलतात, घडी घालतात, त्याला बसायला देतात आणि म्हणतात, "बसा. मला सांगा, तिकीट स्वस्त आहे म्हणूनच ही गर्दी, बरोबर ना?" झालं. सावज जाळ्यात.

यातलं सर्वांत दांडगं सावज म्हणजे लताबाई. अंबडला पॅकिंगमध्ये काम करायची, बोलायला फटकळ. ती मुद्दाम काकांच्याच बाकाशी यायची.

"काका, तुमचं नाव पगार हाय म्हणून तुम्हाला वाटतं सगळ्यांकडं पगार हाय," ती म्हणायची.

"तिकिटात डिझेल निघत नाय, बाई. उद्या बस बंद पडली म्हणजे?"

"आन् मी घरी बसले म्हणजे? झळ तुम्हाला कुठं बसती? तुम्हाला पेन्शन बसती."

सगळी बस हसायची. काका लाल व्हायचे आणि कांद्यावर यायचे. "माझ्या बापाचा कांदा लासलगावला मातीमोल जायचा, तेव्हा तुम्ही शहरातले खूश. स्वस्त, स्वस्त. अरे, स्वस्त म्हणजे कोणाच्या तरी घरातून गेलेलं असतं." हे बोलणं मला पटायचं, खोटं कशाला सांगू. पण लताबाई म्हणायची, "मग आता माझ्या घरातून जातंय ना," आणि तेही पटायचं. मी पुढे बायकांच्या सीटवर कानात गाणी लावून बसायचे. गाणी बंद असायची.

काकू होत्या तोपर्यंत हा माणूस चार शब्द बोलायचा नाही, हे कोणाला खरं वाटत नाही. म्हणजे बाहेर बोलायचा नाही. घरात दोघांचं अहिराणी चालायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसतं 'शे' आणि 'नही शे' ऐकू यायचं, बरोबर काकूंचं हसणं. काकूंनी एकदा सांगितलं होतं, "लग्न झाल्यापासून देवळ्याच्या गाडीला हे पुढे पळत जाऊन रुमाल टाकतात. मग मी पिशव्या घेऊन मागून चढते आणि सगळ्यांदेखत परक्या बाईसारखं विचारते, 'आठे कोनी शे का?'" म्हणजे, इथे कोणी आहे का? "ते इतके लाजतात की खिडकीबाहेर तोंड करतात. अजून लाजतात वं," काकू म्हणाल्या होत्या.

काकू गेल्या. मुलगा बंगळुरूला, नातवंडांना मराठीच अडखळत येतं, तिथे अहिराणीचं काय. खालून आता फक्त टीव्हीवरच्या चर्चा ऐकू येतात, आणि त्या चर्चेला काका देत असलेली उत्तरं. टीव्ही ऐकून घेत नाही, त्यामुळे काका सकाळी बसला येतात.

आणि मग यंदा भाडं वाढलं. काकांनी भर बसमध्ये पेढ्यांचा पुडा फोडला. लताबाईने पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "गोड हाय. पन हा शेवटचा. आम्ही आठजणींनी मिळून व्हॅन लावली. एवढंच भाडं द्यायचं तर दारात तरी सोडंल."

"जाशील कुठं? व्हॅनवालाही वाढवेल," काका म्हणाले.

"तवाचं तवा बघू."

पुढच्या सोमवारपासून ती दिसली नाही. तिच्याबरोबर पॅकिंगच्या बाकीच्या गेल्या. मग दोघादोघांनी मिळून मोटारसायकलवर जाणारे गेले. काही रिक्षात स्वतःला कोंबून घ्यायला लागले. शालिमारला पूर्वी कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडायचा, तो आता दाराशी उभा राहून मोबाइल बघू लागला. बस इतकी मोकळी झाली की माझी पर्ससुद्धा वेगळ्या सीटवर बसू लागली.

काका तरीही रुमाल पसरत होते. कोणी विचारत नव्हतं. रिकाम्या बसमध्ये कोण कशाला विचारेल? चढणारे आपापली खिडकी धरायचे. काका प्रत्येकाकडे मान वर करून बघायचे, मग रुमालाची सुरकुती सारखी करायचे. अंबडला उतरताना त्याची घडी घालून खिशात ठेवायचे. मला ते बघवेना, म्हणून मी कानातली गाणी खरोखरच सुरू केली.

एके सकाळी निमाणीला एक माइकवाली मुलगी उभी होती. कुठल्यातरी यूट्यूब चॅनेलसाठी भाडेवाढीवर जनमत घेत होती. तिला माणसंच मिळेनात. जी मिळाली ती "वाढायला नको होतं" म्हणून बसकडे पळाली. मग ती काकांकडे वळली. कंडक्टरने मला खूण केली. मी गाणी काढली. आजवरच्या सगळ्या भाषणांचं सोनं व्हायची ही वेळ होती.

"भाडेवाढीबद्दल आपलं मत काय?"

काकांनी घसा साफ केला. "मी पैसा छापलेला माणूस आहे," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "कमी करा."

"म्हणजे आपला विरोध आहे?"

"कमी करा, बाई. लय मोकळं झालंय."

मुलीला उत्तर फारच छोटं वाटलं असावं. ती दुसरीकडे गेली. कंडक्टर हसू दाबत वर चढला. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझी जीभ मेली कुठे ऐकते. बसच्या पायरीवरच मी म्हणाले, "काय हे काका? आणि सुधारणांचं काय? झळ बसली पाहिजे ना?"

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"वैशाली, तुला एक सांगतो," ते म्हणाले. "भाडं वाढलं ते वाईट झालं असं म्हटलं, की समोरचा म्हणतो 'हो ना'. आणि खिडकीबाहेर बघतो. संपलं. तेच चांगलं झालं म्हटलं, की अंबडपर्यंत पुरतं."

एवढं बोलून ते आत गेले आणि मधल्या बाकावर बसले. खिशातून रुमाल काढला, शेजारी पसरला.

मी माझ्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसले. बस सुटली. शालिमार आलं, एक माणूस चढला आणि मागे जाऊन झोपला. मला उगाच रडू येत होतं आणि त्या रडू येण्याचाही राग येत होता. एवढ्या मोठ्या शहरात एका माणसाला भांडायला कोणी मिळू नये? मी पर्स उचलली, दांड्या धरत धरत मधल्या बाकापर्यंत गेले आणि उभी राहिले.

"इथे कोणी आहे का?"

काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. "कोनी नही शे," ते हळूच म्हणाले. मग दचकले, माझ्याकडे वळले आणि घाईघाईने रुमाल उचलला. "कोणी नाही. बस, बस तू." रुमाल डोळ्यांना लावला की घाम पुसला, ते मी बघितलं नाही. मी बसले.

त्रिमूर्ती चौक आला. माझ्याही पर्सला ते नवं भाडं रोज चावत होतं. लताबाईची तर मला रोज आठवण यायची. मी घसा साफ केला.

"काका, खरं सांगू? भाडं वाढवलं ते उत्तम केलं. अजून वाढवायला पाहिजे."

काकांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. ते पूर्ण वळून बसले, गुडघे माझ्याकडे करून.

"उत्तम? अगं, काय उत्तम? त्या लताबाईने कसं यायचं, सांग ना. काय समजतं गं तुला अर्थशास्त्रातलं? मी पैसा छापलेला माणूस आहे..."

"फुकट मिळालं की माणूस बिघडतो," मी म्हणाले. "झळ बसली पाहिजे."

"कोणाला? कोणाला बसली पाहिजे?"

त्यांचा आवाज चढला. कंडक्टरने मोबाइलमधून मान वर काढली. मागे झोपलेला माणूस जागा झाला आणि तिथूनच ओरडला, "काकांचं बरोबर हाय, मॅडम." काकांनी त्याला हात करून पुढे बोलावलं. मी सरकून त्याला जागा केली, आणि ते अंबडपर्यंत पुरलं.